चौथ्या गाण्यातली फट

एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता माझे यजमान वारले. ते ऑफिसात होते. मी ग्रंथालयात होते. फोन आला, मी कोट घातला आणि बसने हॉस्पिटलला गेले.

त्यांची गाडी कंपनीच्या कार पार्कमध्ये राहिली. मुलगा संध्याकाळच्या विमानाने एडिनबराहून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन गाडी घेऊन आला. किल्ली माझ्या हातात देताना त्याच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाला, "आई, गाडी स्टार्ट केली तर गाणं आपोआप सुरू झाला. मी बंद केला." मग थोड्या वेळाने म्हणाला, "सेकंड गाणं होतं."

म्हणजे चौथ्यापर्यंत ते पोचले नव्हते. त्या सकाळी मला एवढंच सुचलं. ते निघताना नेहमी पहिल्या गाण्यापासून लावायचे, आणि आमच्या घरापासून त्यांच्या कंपनीपर्यंतचं अंतर जेमतेम दोन गाण्यांचं होतं. चौथं गाणं लागायला शहर सोडून लांब जावं लागायचं.

त्या गाण्यांची सीडी आमच्याकडे आली तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. आम्ही नवी गाडी घेतली होती आणि तिच्यात कॅसेट लावायची सोय नव्हती. पुण्याहून आणलेल्या सगळ्या कॅसेट, नाट्यगीतं आणि अभंग, खोक्यात तशाच राहिल्या. पहिल्याच शनिवारी कॉव्हेंट्रीला माझ्या नणंदेकडे जाताना आम्ही मोटरवेवर पेट्रोलला थांबलो. पैसे द्यायच्या काउंटरशेजारी एक फिरता स्टँड होता. हे आत गेले आणि पेट्रोलच्या पावतीबरोबर एक सीडी घेऊन आले. एका लोकप्रिय इटालियन गायकाची गाजलेली गाणी, सगळी एकाच सीडीवर. कव्हरवर तो समुद्राकडे पाहत उभा होता, कोटाची कॉलर वर केलेली.

"हे कोण?" मी विचारलं.

"टेनर आहे. वरच्या पट्टीतला."

"तुम्हाला इटालियन कधीपासून कळतं?"

"नाही कळत. म्हणून तर घेतली. गाडी चालवताना शब्दांत अडकायला नको."

डबीत एक पुस्तिका होती. तिच्यात प्रत्येक गाण्याचं इंग्रजी भाषांतर होतं. मी छापलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडत नाही, पण ती पुस्तिका त्यांनी मला वाचू दिली नाही. "राहू दे गं," ते म्हणाले. "'परत ये' असंच काहीतरी असणार. सगळ्या गाण्यांत तेच असतं." मग मीही ती वाचली नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ती गाणी आमच्यासाठी हवामानासारखी राहिली. बाहेर ओली शेतं, मेंढ्या, पुलाखालून गेलेला कालवा, ट्रकच्या चाकांमागे उडणारं धुकट पाणी, आणि गाडीत तो आवाज. मागच्या सीटवर मुलगा झोपलेला. काच थंड असायची, मी तिला डोकं टेकून बसायचे. कधीकधी वाटायचं, गाडी उभीच आहे आणि इंग्लंड हळूहळू मागे सरकतंय.

सीडीला ओरखडा पडला तो दिवाळीच्या साफसफाईत. आमच्या घरी देव घासायचं काम यांच्याकडे होतं. ते विमानाच्या पंखांवर किती ताण येतो याची गणितं करायचे, आणि दिवाळीच्या आदल्या रविवारी वर्तमानपत्र पसरून अन्नपूर्णा, बाळकृष्ण, तबक, निरांजनं असं सगळं घासायला बसायचे. त्या वर्षी मुलाने गाडीत ज्यूसचं पाकीट सांडलं होतं आणि सीडी चिकट झाली होती. ती त्यांनी आत आणली. सीडी पुसायची तर मधून बाहेर, सरळ रेषेत, कधीच गोल नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्या वेळी हातात देव घासायची पावडर होती, समोर तबक होतं, आणि हात गोल फिरत होता. तबक झालं, दोन निरांजनं झाली, आणि त्याच लयीत त्यांनी सीडीही घेतली.

पाण्याखाली धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "लखलखीत झालीय."

बाकीची गाणी कशीबशी वाचली. चौथ्याला मात्र फट पडली. दुसऱ्या कडव्यानंतर आवाज चढू लागायचा, आणि जिथे तो शिखर गाठणार असं वाटायचं तिथे सीडी अडखळायची. एकच अक्षर पाच-सहा वेळा तुटक तुटक यायचं, मग काही क्षण नुसती खरखर, आणि मग गायक एकदम शेवटच्या ओळीवर उतरलेला असायचा. मला ते सहन व्हायचं नाही. मी पाचवं गाणं लावायला हात पुढे करायचे.

एका रविवारी, कॉव्हेंट्रीहून परत येताना, माझा हात पोचायच्या आत यांनी ती जागा भरली. गायकाने सोडलेला सूर त्यांनी उचलला, आकारात एक छोटी तान घेतली आणि बरोबर शेवटच्या ओळीच्या तोंडाशी येऊन थांबले. गायक पुढे गाऊ लागला. त्यांनी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

लहानपणी ते तीन वर्षं गाणं शिकले होते, हे मला सासूबाईंकडून कळलं होतं. दहावीचं वर्ष आलं आणि क्लास बंद झाला. लग्नानंतर मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं, बाथरूममध्येसुद्धा नाही. गणपतीच्या आरतीतही ते टाळ्या वाजवायचे आणि ओठ हलवायचे. त्या रविवारनंतर ते गायले ते फक्त तिथेच. चौथं गाणं, दुसऱ्या कडव्यानंतर, जेवढा वेळ सीडी अडखळे तेवढंच. तान दरवर्षी थोडी थोडी बदलत गेली. कधी एखादा वळसा वाढायचा, कधी दोन गळायचे. गाताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं स्टीअरिंगवरून उचललेली असायची. मी वळून पाहिलं की ते थांबायचे. म्हणून मी खिडकीबाहेर पाहायला शिकले.

हे सगळं आता लिहिताना मला समजूतदार वाटतंय. तेव्हा मी तशी नव्हते. एकदा मी म्हणाले, "अहो, त्या बिचाऱ्याला एकदा तरी गाणं पुरं करू द्या."

"मी कुठे अडवलंय? तोच मधे उठून जातो."

आम्ही हसलो. पण त्यांच्या पुढच्या वाढदिवसाला मी तीच सीडी नवी आणून दिली. प्लास्टिकचं वेष्टन असलेली, कोरी. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, "छान" म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. वेष्टन काढलं नाही. त्यानंतर महिनाभर गाडीत बातम्या लागत होत्या. मग एका शनिवारी जुनीच सीडी पुन्हा सुरू झाली.

इथे माणूस गेल्यावर दहनाला दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. दहावा दिवस आला तेव्हा हे अजून फ्यूनरल डायरेक्टरकडेच, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांकडेच होते. पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओवर विचारलं तर ते म्हणाले, दिवस दहनापासून मोजा. त्यामुळे मधले सगळे दिवस कशातच नव्हते. मी उठायचे, चहा दोन कप टाकायचे, एक ओतून द्यायचे. बागेत बर्फ पडायचं आणि दुपारपर्यंत वितळायचं. पोस्टाने कार्डं येत होती. मी ती आलेल्या क्रमाने लावून ठेवत होते. ग्रंथालयात आयुष्य गेल्यावर दुसरं काय सुचणार?

मुलाला तेव्हा आठवडाभराचीच रजा होती. तो हॉस्पिटलमध्ये काम करतो, स्वस्थ बसणं त्याला जमत नाही. तो कपाटं आवरायला लागला. गाडी त्याने एडिनबराला न्यावी असं आमचं ठरलं होतं, म्हणून तीही त्याने रिकामी केली. मी कार्डांना उत्तरं लिहीत बसले होते. तो दारात आला.

"आई, बाबांची ती इटालियन सीडी दोन आहेत. एक एकदम नवीन, पॅकमध्ये. दुसऱ्यावर मोठा स्क्रॅच आहे. जुनी चॅरिटी शॉपला देऊ?"

"दे," मी म्हणाले. मान वर केली नाही.

फ्यूनरल डायरेक्टर संगीताचं विचारायला घरी आली. तरुण मुलगी होती, मांडीवर वही घेऊन बसली. क्रेमटोरियममध्ये, म्हणजे दहनाच्या हॉलमध्ये, आत जाताना एक गाणं आणि बाहेर पडताना एक, असं तिने सांगितलं. नणंद त्या दिवशी कॉव्हेंट्रीहून आली होती. ती यांच्याहून सहा वर्षांनी मोठी.

"अभंग लावा," ती म्हणाली. "माझ्या भावाला काय इटलीला पाठवायचंय?"

मुलगा म्हणाला, "आत्या, बाबांना तो सिंगर आवडायचा."

"आवडायचा म्हणून लावायचा? त्याला माझ्या हातचं लिंबाचं लोणचं आवडायचं. तेही ठेवायचं का बरोबर?"

"वन्सं, ठेवायला हरकत नाही," मी म्हणाले. "त्यांना चालेल."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग आम्ही तिघंही हसायला लागलो. तो मंगळवार झाल्यापासून पहिल्यांदाच. फ्यूनरल डायरेक्टर अदबीने वहीत पाहत बसली होती. शेवटी नणंदेनेच तोडगा काढला. जाताना अभंग, येताना इटली.

"कोणतं गाणं?" मुलाने मला विचारलं.

"चौथं."

त्या दिवशी अभंग संपला, गुरुजींनी म्हणायचं ते म्हटलं, शवपेटीसमोरचा पडदा सरकला. मी उभी होते. नणंदेने माझं कोपर धरलं होतं. मग छतातल्या स्पीकरमधून ते गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आवाज चढू लागला, आणि मी नेहमीप्रमाणे मान खिडकीकडे वळवली. खिडकीबाहेर ओलं गवत होतं आणि गाड्या लावल्या होत्या.

गाणं अडखळलं नाही. क्रेमटोरियमकडे त्यांची स्वतःची प्रत होती, अखंड. ज्या जागी यांचा आवाज यायचा तिथे तो गायक गात राहिला. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिथे काहीतरी मोठं असणार, त्या गाण्याचा कळस असणार. तसं काही नव्हतं. आधीचीच ओळ त्याने पुन्हा एकदा म्हटली, किंचित हळू. बस. यांनी तिथे जे बांधलं होतं ते गाण्यात कुठेच नव्हतं, आणि आता त्याला शिरायला जागाही नव्हती. पडदा सरकला तेव्हा मी रडले नव्हते. ते गाणं ऐकताना रडले.

त्यांचं गाणं आम्ही कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. कोण करणार? वळून पाहिलं तरी ते थांबायचे. त्यांचा आवाज म्हणजे फोनवर राहिलेले तीन-चार निरोप होते: दूध आणू का, ट्रेन उशिरा आहे. गाणं नव्हतं. सीडीवर त्यांचा आवाज नाही हे मला कळत होतं. पण ती फट तरी होती, त्यांच्या मापाची. ती ऐकू आली असती तर उरलेलं मी आठवलं असतं, असं मला वाटत होतं. आणि ती मी एका शब्दात देऊन टाकली होती.

दिवसपाणी आटोपल्यावर मी त्या चॅरिटी शॉपमध्ये गेले, लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकतात तिथे. काउंटरवर एक वयस्कर बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी सीडीचं वर्णन केलं. त्यांना डबी चटकन सापडली. मोडक्या डब्या बदलायला त्या रिकाम्या डब्या बाजूला ठेवतात. आत पुस्तिका होती, सीडी नव्हती.

"ओरखडे असलेल्या आम्हाला विकता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या मी माझ्या भावाला देते. कबुतरांसाठी."

मी पाहतच राहिले तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या भावाची टेकडीवर अलॉटमेंट होती, म्हणजे भाजी लावायला कौन्सिलकडून भाड्याने मिळालेला जमिनीचा तुकडा. तिथे तो जुन्या सीडी दोरीला बांधून टांगतो. त्या फिरतात, चमकतात, आणि कबुतरं वाटाण्याचे कोवळे शेंडे खायला येत नाहीत.

रविवारी मी टेकडी चढून गेले. एप्रिल होता. वर पोचल्यावर खाली सगळं शहर दिसत होतं, नदी, क्रेन, दूरवर त्यांच्या कंपनीची पांढरी छपरं. वाटाण्याच्या वाफ्यावर काठ्या रोवून दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांना वीस-पंचवीस सीडी लटकत होत्या. वारा मंद होता. त्या आपापल्या वेगाने फिरत होत्या आणि त्यांच्या प्रकाशाचे गोल काळ्या मातीवरून, माझ्या बुटांवरून, शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून सरकत होते. कसलाच आवाज नव्हता. इतकी सगळी गाणी तिथे होती आणि कसलाच आवाज नव्हता. मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

त्या बाईंचे भाऊ लोकरी टोपी घालून शेडमधून बाहेर आले. निवृत्त बस ड्रायव्हर होते. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. "घे शोधून," म्हणाले. "माझ्या कबुतरांना मी दुसरी देईन."

आमची सीडी मला ओरखड्यावरून ओळखता आली. मधल्या भागात बारीक बारीक वर्तुळं, तबकावर असतात तशी. पण त्यांनी दोन-दोन सीडी पाठीला पाठ लावून चिकटवल्या होत्या, दोन्हीकडून चमकाव्यात म्हणून. आमच्या सीडीच्या पाठीला कुठलीतरी नाताळची गाणी आहेत, असं ते म्हणाले. मी ती जोडी तशीच पिशवीत घालून आणली.

चिकटलेली पानं सोडवणं हे काम मी ग्रंथालयात पुष्कळ वर्षं केलं आहे. घाई करायची नाही, वाफ द्यायची, बोथट पातं आडवं धरून सरकवायचं. हात आपोआप चालतो. मी किटली ठेवली, वाफ दिली, पातं सरकवलं. चिकटवलेला थर सुटू लागला. फार छान सुटत होता, आणि त्या समाधानात मी शेवटपर्यंत गेले. दोन्ही सीडी वेगळ्या झाल्या तेव्हा आमची मी उचलून पाहिली आणि तिच्यातून मला समोरचं सिंक दिसलं.

सीडीवरचं गाणं तिच्या पाठीला, छापलेल्या लेबलाच्या लगेच खाली असतं. तो चंदेरी पापुद्रा सगळा नाताळच्या गाण्यांवर गेला होता. माझ्या हातात स्वच्छ प्लास्टिक राहिलं होतं, काठाला थोडी चांदी. तरी मी ती घरच्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअरने थोडा वेळ ती फिरवली आणि मग पडद्यावर अक्षरं आली, सीडी नाही.

मी मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सॉरी आई. मला माहीत पाहिजे होतं."

"दे मीच म्हणाले होते," मी म्हणाले.

जूनमध्ये तो गाडी घेऊन आला. आम्ही दोघं कॉव्हेंट्रीला निघालो. नणंदेने लोणचं घातलं होतं आणि ते न्यायला या असा हुकूम होता. दुपार होती. ढगांच्या सावल्या शेतांवरून चालल्या होत्या. मी काचेला डोकं टेकलं होतं. तो म्हणाला, "लावू का? फोनवर आहे." मी हो म्हणाले. पहिलं गाणं झालं, दुसरं, तिसरं. मेंढ्या होत्या, कालवा होता. गाडी उभी होती आणि इंग्लंड मागे सरकत होतं.

चौथ्या गाण्यात दुसरं कडवं संपलं. मी खिडकीबाहेरच पाहत होते. गायक ती ओळ पुन्हा म्हणू लागला, किंचित हळू, आणि त्याच्यावरून एक तान गेली. आवाज यांच्यासारखा नव्हता, जाड होता, सुरुवातीला जरा कापला. पण वळसे तेच होते. आणि ती बरोबर शेवटच्या ओळीच्या तोंडाशी येऊन थांबली.

मी वळले नाही. पाचवं गाणं सुरू झाल्यावर विचारलं, "तुला कशी येते रे?"

"मागे बसून."

"तू तर झोपलेला असायचास."

"नव्हतो झोपलेला. डोळे बंद करायचो फक्त. मी जागा आहे कळलं असतं तर बाबा गायले नसते."

त्याने इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

नवी सीडी अजून ड्रॉवरमध्ये आहे, वेष्टनासकट. जुनी तिच्या डबीत ठेवली आहे. तिच्यातून आरपार दिसतं. पुस्तिका मी वाचलेली नाही. तान मला येत नाही. मुलाला येते.